वन्नीतल्या गावात मुलांचं खेळघर कसं चालवावं

उत्तर श्रीलंकेत समाजकार्याच्या फील्डवर्कसाठी, शिक्षक म्हणून किंवा एखाद्या संस्थेच्या कामाला जे मराठी लोक जातात, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. वन्नी म्हणजे किलिनोच्ची, मुल्लैत्तीवू, वव्हुनिया, मन्नार हा सगळा कोरडा, ताडांचा आणि तळ्यांचा मुलूख. १९८३ च्या जुलैत पेटलेलं यादवी युद्ध मे २००९ मध्ये इथेच, मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीवर संपलं. त्यानंतर पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं वव्हुनियाजवळच्या मेनिक फार्म आणि इतर छावण्यांत ठेवली गेली. मेनिक फार्म सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाला आणि माणसं मोडक्या घरांकडे परतली.

आज खेळघरात येणारी मुलं युद्धानंतर जन्मलेली असतात. म्हणून काही जण विचारतात, "यांनी तर काही पाहिलंच नाही, मग यांना काय हवंय?" पण एलटीटीईने, म्हणजे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेने, शाळकरी वयात ज्यांना उचलून नेलं, तेच आज तिशी-पस्तिशीचे आईबाप आहेत. हेलिकॉप्टरच्या आवाजाने हातातलं भांडं टाकून अंगणात धावणारी आई मुलं रोज पाहतात. घरात कोणत्या विषयावर बोलायचं नाही, हे त्यांना न सांगता कळतं. या मुलांना बोलतं करण्याची घाई कुणाला नसावी. त्यांना हवी असते ठरलेल्या वेळेला उघडणारी एक जागा, ठरलेली माणसं आणि ठरलेला खेळ. बाकी सगळं त्यानंतर.

जागा

पहिला प्रश्न जमिनीचा. मैदान ठरवण्याआधी ग्राम निलधारीला भेटा. तमिळ लोक त्याला 'ग्रामसेवकर' म्हणतात, तेव्हा शब्द आपल्याला नवा वाटणार नाही. त्याला एकच गोष्ट स्पष्ट विचारा: ही जागा सुरुंग काढून गावाच्या ताब्यात दिलेली आहे का, आणि कुठपर्यंत? 'इथे लोक राहतातच की' हे उत्तर पुरेसं नाही. घराभोवतीचा तुकडा साफ झालेला असतो आणि कुंपणापलीकडची झुडपं राहिलेली असतात. लाल पाटीवर कवटीचं चित्र दिसलं, की तिथे पुढे जायचं नाही. पण पाटी नाही म्हणून जागा सुरक्षित, असंही धरू नका. पाट्या पडतात, लोक सरपणाला नेतात, पावसाळ्यात वाहून जातात.

साफ केलेल्या जागेतही मैदान आखताना खुंट्या ठोकू नका, खणू नका. रेघा राखेने मारा किंवा दोरी टाकून वर दगड ठेवा.

छप्पर चुडतांचं असलं तर उत्तम. पत्र्याचं असेल तर जवळ ताडाचं झाड नको. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत पिकलेलं ताडफळ पत्र्यावर पडलं की तोफ डागल्यासारखा आवाज होतो. मुलं दचकतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांना न्यायला आलेल्या आया दचकतात. खोलीला दोन दारं असावीत आणि दोन्ही उघडी राहावीत. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तळाशी दगड लावा. किल्ल्या पहिल्या दिवसापासून दोन करा, एक तुमच्याकडे आणि एक गावातल्या बाईकडे.

माणसं आणि वेळ

२४ ते ३० मुलांना तीन मोठी माणसं लागतात, त्यातल्या दोघी तरी गावातल्याच हव्यात. मुलं त्यांना 'अक्का' म्हणतात, पुरुष असेल तर 'अण्णा'. आपल्याकडे हे शब्द चालतातच, त्यामुळे हाकेपुरता तरी परकेपणा राहत नाही. अक्कांना मानधन द्या, आणि ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. 'गावाची सेवा' म्हणून फुकट राबवलेली बाई तीन महिन्यांत कापड कारखान्याच्या नोकरीला जाते. मुलांच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक माणूस सोडून गेलेलं असतं.

कुठलंही मूल आणि कुठलंही एकटं मोठं माणूस बंद खोलीत असता कामा नये. हा नियम तुम्हालाही लागू आहे, पाहुण्यांनाही आणि देणगीदारांनाही.

शाळा सकाळी साडेसातला भरते आणि दीडच्या सुमारास सुटते. घरी जेवण, थोडी झोप. तेव्हा ३ ते ५ ही वेळ बरी. सूर्य वर्षभर सहा-साडेसहाला मावळतो आणि मुलींना अंधाराआधी घरी पोचायचं असतं. आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, पण ते मोडू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हटलं की पाऊस असो वा नसो, दार तीनला उघडायचं. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रस्ते तोडतो, अशा दिवशी चारच मुलं येतील. चार मुलांसाठी पूर्ण दोन तास चालवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात काही मुलं अडीचलाच येऊन दाराशी बसलेली दिसतात. तोवर 'परिणाम' शोधू नका.

नोंदवही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. छापील अर्जात 'वडिलांचे नाव' आणि त्यापुढे 'हयात / मयत' असे चौकोन असतात. वन्नीतल्या अनेक घरांत याचं उत्तर तिसरंच असतं. बाप मे २००९ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाला आणि त्यानंतर दिसला नाही. बाई आजही कपाळाला पोट्टू लावते, गळ्यात ताली म्हणजे मंगळसूत्र घालते. पोट्टू म्हणजे आपलं कुंकू, तेव्हा त्या एका ठिपक्यात काय साठलंय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तुमच्या अर्जात तिने 'मयत'वर खूण केली, तर स्वतःच्या हाताने पोट्टू पुसल्यासारखं होतं. 'हयात'वर केली, तर शेजारीण बघते. श्रीलंकेच्या कायद्यात २०१६ पासून अशा माणसांसाठी मृत्यूच्या दाखल्याऐवजी 'गैरहजेरीचा दाखला' मिळण्याची सोय आहे. ज्या बायांनी तो घेतला आहे त्यांनाही आणि ज्यांनी नाकारला आहे त्यांनाही तुमच्या अर्जाने कोपऱ्यात गाठू नये.

म्हणून अर्जात चारच गोष्टी ठेवा: मुलाचं हाकेचं नाव, वय, 'घरी कोण कोण राहतं?', आणि 'काही झालं तर कुणाला हाक मारायची?' बाप कुठे होता, कोण कोणत्या बाजूला होतं, घरावर काय गुदरलं, हे लिहूच नका, पेन्सिलनेही नको. या भागात बाहेरच्या संस्थांकडे चौकशीला लोक येतात. वही कुणी मागितली तर तिच्यात दाखवायला अडचण होईल असं काही नसावं. सुरू करण्याआधी ग्रामसेवकराला आणि प्रदेश सचिवाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतलेली बरी.

फोटोंचंही तसंच. मुलांचे चेहरे काढू नका. अहवालाला फोटो हवाच असेल तर राखेने आखलेलं मैदान, रंगांचा डबा, दारातल्या चपलांची रांग घ्या.

दोन तासांचा क्रम

पहिली १० मिनिटं: हात-पाय धुणं, गोलात बसणं, एक गाणं. गाणं महिनाभर तेच. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असणं हीच त्यांची विश्रांती असते.

मग ४० मिनिटं मैदान. शिट्टी वापरू नका, टाळ्यांचा ठेका किंवा पितळी घंटा वापरा. फुगे आणूच नका, वाढदिवसालाही नाही.

खेळ कोणता? आपली आट्यापाट्या. जाफना-वन्नीत तोच खेळ 'किळित्तट्टू' नावाने पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, आणि मधल्या उभ्या रेघेवर, सूरपाटीवर, धावणाऱ्या गड्याला तिथे 'किळी' म्हणजे पोपट म्हणतात. तुम्ही शिकवायला जाऊ नका, आजोबांना बोलवा. ते नियम सांगताना भांडतील, मुलं हसतील. छावण्यांच्या वर्षांत हा दुवाच तुटला होता. लहान मुलांसाठी मैदान असं आखा: ६ मीटर लांबीच्या चार आडव्या पाट्या, दोन पाट्यांमध्ये ३ मीटर अंतर, मधून एक उभी सूरपाटी. दोन्ही बाजूंना पाच-पाच गडी. चार पाट्यांवर चौघं आणि एक किळी. डाव ५ मिनिटांचा. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका, पुढच्या डावाची राख टाकायला द्या. हा खेळ इथे चपखल बसतो, कारण साहित्य शून्य लागतं, दमणूक भरपूर होते, आणि अडवणाऱ्याला हुलकावणी देऊन पलीकडे जाण्यात मुलांना फार मोठं समाधान मिळतं. मुलं मध्येच पाटीला 'चेकपॉइंट' म्हणू लागली तर टोकू नका आणि त्यावर चर्चाही घेऊ नका. मात्र कुणी मोठा मुलगा लहानग्याला गुडघ्यावर बसवू लागला, तर डाव शांतपणे बदला.

चेंडूचे खेळ ठेवणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. खेळघरात कायम तीन चेंडू हवेत आणि त्यातला एक अक्काच्या हातात हवा. चेंडू कुंपणापलीकडच्या झुडपात गेला की अक्काने त्याच क्षणी दुसरा आत टाकायचा. गेलेल्या चेंडूकडे बघायचंसुद्धा नाही. मूल झुडपात शिरतं ते धाडसाने नव्हे, खेळ थांबला म्हणून. खेळ थांबला नाही तर ते जात नाही. चेंडू स्वस्त आहे.

सुरुंगांविषयी वेगळं व्याख्यान नको. दर सोमवारी गोलात चार वाक्यं म्हणवून घ्या: ओळखीचं नाही त्याला हात लावायचा नाही. दगड मारायचा नाही. आहे तिथे थांबायचं, ओरडून मोठ्यांना बोलवायचं. मोठं माणूस येऊन सांगेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. मोठ्या मुलांना पाचवं वाक्य सांगा, ते भंगाराविषयी. जुना धातू विकून पैसे मिळतात, आणि घरात कर्ज असेल तर मुलं तो गोळा करतात. 'करू नका' एवढं सांगून भागत नाही. कोणत्या घरातून मुलं भंगाराला जातात हे अक्काला माहीत असतं, तिने त्या आईशी बोलायचं.

मैदानानंतर २० मिनिटं खाऊ. भिजवलेले हरभरे, तिकडची 'कडलै', सगळ्यांना आवडतात. ३० मुलांना सव्वा किलो सुके हरभरे घ्या. रात्री भिजत घाला, निदान आठ तास. सकाळी मीठ घालून मऊ शिजवा. मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची आणि एका नारळाच्या कातळ्या घालून परता. मुलामागे साधारण ८० ग्रॅम येतात. एकाच मापाच्या वाटीने वाढा आणि दुसरी वाढ प्रत्येकाला मागता यावी एवढं मागे ठेवा. खाऊ कमी पडला तर ते मुलांच्या फार लक्षात राहतं.

पेज मात्र देऊ नका. स्वस्त, पोटभरीची, करायला सोपी, म्हणून पहिल्यांदा तीच सुचते. पण मुल्लिवायक्कालच्या शेवटच्या महिन्यांत लोक तांदळाच्या पाण्यावर जगले, आणि दर वर्षी १८ मेच्या सुमारास त्या आठवणीसाठी 'मुल्लिवायक्काल कंजी' शिजवून वाटली जाते. ती कंजी त्या दिवसाची आहे.

मुल्लैत्तीवू-मन्नार भागात मुस्लिम मुलंही असतील. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये एलटीटीईने उत्तरेतल्या मुस्लिमांना घरंदारं सोडायला लावली, त्यातली काही कुटुंबं युद्धानंतर परत आली. खाऊ शाकाहारी ठेवला की एकाच परातीतून सगळे खातात. रमजानमध्ये मोठी मुलं उपास करतात, त्यांचा वाटा बांधून द्या.

शेवटची ४० मिनिटं हातकाम आणि चित्रं, मग तेच गाणं आणि घर.

चित्रं

'तुला जे वाईट आठवतं ते काढ' असं कधीही म्हणू नका. एकदा बसवून सगळं ओकायला लावलं की मन हलकं होतं, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही अशा एका बैठकीतल्या उकरण्याविरुद्ध सल्ला देते. उघडलेलं मिटायला तुम्ही उद्या तिथे नसता, आणि मूल ते घेऊन घरी जातं, जिथे आईचं तेच अजून मिटलेलं नसतं.

कागद द्या, रंग द्या, विषय देऊ नका. काळा आणि लाल खडू दुप्पट ठेवा, ते लवकर संपतात. त्याचा अर्थ लावत बसू नका, मुलं केस आणि फुलंही त्याच रंगांनी काढतात. कुणी हेलिकॉप्टर काढलं तर 'हे काय?' ऐवजी 'इथे आणखी कोण आहे?', 'मग पुढे काय झालं?' एवढंच विचारा. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर दुसरा रंग पुढे करा. चित्र मुलाच्या मालकीचं. भिंतीवर लावायचं का, हे त्याला विचारा. पूर्वेला बट्टिकलोआत १९९६ मध्ये युद्ध चालू असतानाच 'बटरफ्लाय पीस गार्डन' सुरू झालं. तमिळ आणि मुस्लिम मुलं तिथे माती, रंग, गोष्टी यांत एकत्र रमत. तिथल्यासारखी बाग सगळ्यांना जमणार नाही, पण पोराला हातात माती देऊन मोकळं सोडणं कुठेही जमतं.

मूल घाबरलं, गोठलं तर

आवाज झाला आणि एखादं मूल कानांवर हात ठेवून कोपऱ्यात गेलं, किंवा टक लावून बघत राहिलं, तर एकाच अक्काने जावं. बाकीच्यांचा खेळ चालू राहू द्यावा. मुलाच्या उंचीला बसा, समोर नाही, थोडं बाजूला. नावाने हाक मारा. 'मी अमुक अक्का. आज बुधवार आहे. आपण खेळघरात आहोत. तो आवाज ताडफळाचा होता.' खरं कारण सांगा. विचारल्याशिवाय हात लावू नका. पाय जमिनीला टेकवायला सांगा, पाणी द्या, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. बरं वाटलं की खेळात परत. 'काय आठवलं तुला?' हा प्रश्न त्या दिवशीही नको आणि दुसऱ्या दिवशीही नको.

श्वास शिकवायचा असेल तर साबणाचे बुडबुडे घ्या. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर विरघळवा, १०० मिली भांडी घासायचं लिक्विड घाला, फेस न करता हलवा आणि रात्रभर ठेवा. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ. तो आतून पोकळच असतो. वीतभर कापा, चीक जाईपर्यंत दोन्ही टोकं धुवा आणि तासभर वाळवा, नाहीतर ओठ चरचरतात. जोरात फुंकलं की बुडबुडा फुटतो, सावकाश, सहा अंक मोजेपर्यंत फुंकलं की तो फुगतो आणि सुटतो. 'दीर्घ श्वास सोड' म्हटल्यावर मुलं खांदे उचलतात आणि छाती ताणतात. बुडबुड्याला मात्र खोटा श्वास चालत नाही. लहान मुलं ओढून घेतात, म्हणून पाच वर्षांखालच्यांना देठाऐवजी तारेचं कडं द्या.

मंदिराचा उत्सव, दीपावली, फटाके असतील तर आदल्या दिवशी सांगा: उद्या संध्याकाळी आवाज होणार आहेत, ते फटाक्यांचे आहेत.

'अप्पा येतील का?'

हा प्रश्न येतोच. मोठ्या मुलांचा तो बापाविषयी असतो, लहानांचा मामा, काका किंवा आजोबांविषयी. घरात फोटो असतो, त्याला हार नसतो. 'येतील हं' म्हणू नका आणि 'आता नाही येणार' असंही म्हणू नका. दोन्ही तुम्हाला माहीत नाही. म्हणा, 'मला ठाऊक नाही रे. तुझी अम्मा शोधतेय.' आणि थांबा. किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून हरवलेल्यांच्या आया फोटो घेऊन धरण्याला बसत आल्या आहेत, मुलं तिथे त्यांच्या मांडीवर बसलेली असतात. शोधणं हे त्या घरांतलं रोजचं काम आहे. त्याला तुम्ही 'आता पुढे जा' म्हणायचं नसतं.

१८ मेला खेळघर उघडं ठेवा, कार्यक्रम काहीही ठेवू नका. अक्कांना जायचं असेल तर सुट्टी द्या. जी मुलं येतील त्यांना नेहमीचे दोन तास मिळावेत.

मोठी मुलं, गैरहजेरी आणि पुढचं दार

तेरा वर्षांवरची मुलं गोलातल्या गाण्याला लाजतात. त्यांना वेगळा कट्टा द्या: कॅरम, व्हॉलीबॉलचं जाळं, सायकल दुरुस्तीची पेटी, आणि 'ओ लेव्हल' या आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या गणिताला आठवड्यातून एक संध्याकाळ. या मुलखात शिक्षणाला अतोनात मान आहे. अभ्यासाच्या निमित्ताने आलेलं मूल बोलायलाही थांबतं.

ओळीने तीन वेळा कुणी आलं नाही तर अक्काने घरी जावं, वही न घेता. बहुतेकदा कारण साधं असतं: ताप, धाकट्या भावंडाला सांभाळणं. कधी मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला दारात बसलेला असतो आणि मुलीला 'अम्मा घरी नाही' असं सांगायला मागे ठेवलेलं असतं. तेव्हा खेळघराचा विषय काढायचाच नाही.

अंथरुणात लघवी, चिकटून राहणं, चिडचिड हे दिसलं म्हणून लगेच डॉक्टरकडे धावू नका. आईला सांगा की ओरडू नकोस, झोपेची वेळ पाळ. चार आठवड्यांनी फरक नसेल, मूल खात नसेल, शाळा सोडली असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्या, आणि पहिल्या भेटीला अक्का सोबत असू द्या. मरणाची भाषा, अंगावरच्या खुणा, कुणी हात लावल्याचं सांगणं यांत एक दिवसही थांबायचं नाही. श्रीलंकेच्या राष्ट्रीय बाल संरक्षण प्राधिकरणाचा क्रमांक १९२९ दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या उंचीवर लिहून ठेवा.

निघताना

प्रकल्प संपणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, मुलांना नसतं. आठ आठवडे आधी सांगा. भिंतीवर २४ चौकोन काढा आणि प्रत्येक वेळी गोलात एक रंगवायला द्या. कोण जाणार आणि कोण राहणार, हे नावानिशी सांगा. 'मी परत येईन' हे तिकीट हातात असल्याशिवाय म्हणू नका. शेवटच्या महिन्यात घंटा वाजवणं, खाऊ वाढणं, गाणं सुरू करणं हे सगळं अक्कांनी करावं आणि तुम्ही गोलात बसावं. निरोपसमारंभ, भेटवस्तू, भाषणं नकोत. त्या दिवशीही हरभरेच शिजवा, त्याच वाटीने वाढा. पाच वाजता गाणं झालं की दाराखालचा दगड अक्का बाजूला करेल आणि कुलूप लावेल. तुमची किल्ली दुसऱ्या अक्काला द्या.